कोंक (फ्रान्स): दरीतल्या जुन्या गावात एक मुक्काम

दगडफूल

तुलूझला राहायला येऊन मला सहा वर्षं झाली. गेल्या मे महिन्यात आई-बाबा वाईहून दोन महिन्यांसाठी आले. पॅरिस झालं, कार्कासोनचा किल्ला झाला. एका रात्री जेवताना बाबा म्हणाले, "गर्दीची ठिकाणं पुरेत आता. एखादं जुनं गाव दाखव, जिथं दारात वाळत घातलेले कपडे दिसतील." मग त्यांना कोंकला नेलं आणि एक रात्र तिथे राहिलो. इथे फ्रान्सच्या सहलींचे बरेच धागे आहेत, कोंकवर मात्र एकही सापडला नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नकाशावर आधी रोदेझ शोधा. तुलूझच्या ईशान्येला, गाडीने दोन तास. तिथून कोंक चाळीसेक किलोमीटर, पण रस्ता वळणांचा, त्यामुळे पाऊण तास धरून चाला. गाव लांबून दिसत नाही. दुर्दू नावाची छोटी नदी आहे, तिला ऊश नावाचा ओढा येऊन मिळतो, त्या सांध्यावरच्या उताराला गाव चिकटलेलं आहे. भोवती सगळी झाडी. लॅटिनमध्ये शिंपल्याला कोंका म्हणतात. दरीचा आकार तसा, म्हणून हे नाव, असं सांगतात.

बाबा पाटबंधारे खात्यात होते, धोम धरणाच्या कामावर त्यांची बरीच वर्षं गेली. गाडीतून उतरल्याबरोबर त्यांची नजर छपरांवर गेली. तिथे कौलं नाहीत. शिस्ट नावाचा थराथरांचा करडा दगड त्या भागात निघतो, त्याच्या पातळ फरश्या माशाच्या खवल्यांसारख्या एकावर एक बसवतात. त्यांना लोझ म्हणतात. वळचणीला मोठ्या फरश्या आणि आढ्याकडे जावं तशा लहान. बाबा तिथेच एका कट्ट्यावर बसले आणि खिशातल्या वहीत त्याची आकृती काढायला लागले. पाऊस नुकताच पडून गेला होता आणि सगळं गाव चंदेरी दिसत होतं. घरांच्या भिंती खाली दगडी, वर लाकडाची चौकट आणि मधे भराव. गल्ल्या इतक्या उताराच्या की एका घराच्या माडीचं दार वरच्या गल्लीत उघडतं आणि तळघराचं खालच्या.

हे मोठ्या वयाच्या मंडळींना आधीच सांगायला हवं: कोंकमध्ये सपाट जागा फार थोडी आहे. गाड्या गावाबाहेर लावाव्या लागतात. आईचे गुडघे दुखतात, म्हणून मुक्कामाच्या ठिकाणी तळमजल्याची खोली मागितली होती, त्यांनी ती कबूलही केली होती. प्रत्यक्षात दोन दगडी जिने निघाले. आईने ते दिवसातून एकदाच चढायचं ठरवलं आणि आम्ही दिवसभर बाहेर राहिलो. तुम्ही जाल तेव्हा फोन करून पायऱ्या किती ते आकड्यात विचारा.

आता देवळाबद्दल. (चर्चला आम्ही तिघंही आपोआप देऊळच म्हणत होतो, तसंच लिहिते.) सँत फ्वा म्हणजे संत फ्वा हिचं हे मठमंदिर अकराव्या-बाराव्या शतकातलं. गाव एवढंसं आणि आत गेलं की छत २२ मीटरवर. बाबांनी तीन दगड ओळखले: करडा शिस्ट, तांबूस वालुकाश्म आणि पिवळसर चुनखडीचा. पिवळा दगड जवळच्या लुनेल गावच्या खाणीतला आहे, हे नंतर तिथल्या माहितीत वाचलं. बाबांना इतका आनंद झाला की विचारू नका.

पण ज्याच्यासाठी कोंकला जायचं ते आत नाही, दारावरच आहे. पश्चिमेच्या महाद्वारावर अर्धवर्तुळाकार शिल्पपट आहे, सुमारे पावणेसात मीटर रुंद. त्यात १२४ आकृत्या आहेत. विषय अंतिम न्यायाचा. मधे ख्रिस्त, त्याचा उजवा हात वर, डावा खाली. उजव्या हाताला स्वर्ग, डाव्या हाताला नरक. स्वर्गात सगळे ओळीत, शांत. नरकात नुसती झुंबड. निळा आणि तांबडा रंग अजून जागोजाग टिकून आहे. नऊशे वर्षं उघड्यावर आहे तो.

आम्ही दुपारी चारला तिथे उभे राहिलो आणि सहाला हललो. पश्चिमेचं ऊन तेव्हा थेट शिल्पांवर येतं. आई पुढे, बाबा मागे कट्ट्यावर, आणि मी छापील माहितीतून एकेक वाचून दाखवत होते. ख्रिस्ताच्या पायाखाली तराजू आहे. एका बाजूला देवदूत मिखाएल, दुसऱ्या बाजूला सैतानाचा माणूस, आणि तो हळूच बोट लावून आपलं पारडं दाबतोय! हे आईने मी वाचायच्या आधी पाहिलं. म्हणाली, "बाजारातला काटा मारणारा आहे बघ." खाली नरकात कंजुष माणूस गळ्यात पैशांची थैली बांधून लटकलाय. खोटी नाणी पाडणाऱ्याच्या तोंडात वितळलेला धातू ओततायत. घमेंडखोर सरदार घोड्यावरून डोक्यावर पडतोय. आणि एका शिकाऱ्याला सळईला बांधून विस्तवावर भाजलं जातंय, ते भाजणारा ससा आहे.

कमानीच्या बाहेरच्या कडेवर दगडाची एक पट्टी आहे. तिच्यामागून लहान लहान चेहरे डोकावतात, पट्टी बोटांनी धरून, नुसते डोळे आणि नाक वर. त्यांना तिथे "उत्सुक मंडळी" म्हणतात. त्यांचा न्याय होत नाही, ती फक्त बघतायत. कोणी कारागिराने कशासाठी घडवली असतील, मला अजून कळलेलं नाही. मी परत परत त्यांच्याकडेच बघत होते.

संग्रहालयातली मूर्ती आणि खिडक्या यांच्याबद्दल खाली लिहिते, हात दुखले.

रानमेवा

फार सुंदर. तराजूचं वाचून अंगावर काटा आला. मूर्तीबद्दल लवकर लिहा.

चिंचगुळ

दगडफूल, अगदी वेळेवर धागा. आम्ही सप्टेंबरमध्ये चौघं येतोय, मुलं आठ आणि अकरा वर्षांची. सकाळी कार्कासोनहून निघून संध्याकाळी रोकामादूरला पोचायचं, मधे कोंकला दोन तास थांबून जेवण, असा बेत आहे. जमेल का? मुलांना दगडी शिल्पांचा कंटाळा येईल अशी भीती वाटते. आणि आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत.

दगडफूल

चिंचगुळ, जमेल, पण करू नका असं मी कळकळीने सांगेन. कार्कासोन ते कोंक साडेतीन तास, पुढे रोकामादूर पावणेदोन तास. त्या दोन तासांत गाडी लावणं, उतरून येणं, जेवण आणि परत चढणं यातच वेळ जाईल. दुपारी अकरा ते चार बसगाड्यांतून आलेली माणसंही खूप असतात. पाच वाजले की ती जातात. मग दुकानांच्या फळ्या लागतात, कारंज्याचं पाणी ऐकू यायला लागतं आणि गाव गावासारखं दिसतं. एक रात्र काढाच.

मुलांचं सोपं आहे. त्यांना यादी द्या: ससा शोधा, बोटाने पारडं दाबणारा शोधा, डोकावणारे चेहरे शोधा, माणसं गिळणारं राक्षसाचं तोंड शोधा, स्वर्गाच्या दाराची कडी-बिजागरी शोधा.

शाकाहाराचं: अलिगो मागा. ओब्राकच्या पठारावरचा पदार्थ आहे. उकडलेला बटाटा घोटून त्यात ताजं चीज आणि लसूण घालतात, आणि इतकं ढवळतात की डाव उचलला की हातभर तार निघते. बहुतेकदा सॉसेजबरोबर देतात, त्यामुळे नुसतं अलिगो आणि कोशिंबीर हवी हे स्पष्ट सांगा. आईने दोन्ही वेळा तेच खाल्लं. बाबांनी मार्सियाकची तांबडी वाइन चाखली, ती त्याच भागातली.

आता मूर्ती.

सँत फ्वा ही आजाँ गावची मुलगी. तिसऱ्या शतकाच्या शेवटी-चौथ्याच्या सुरुवातीला, रोमन देवांची पूजा करायला नकार दिला म्हणून तिला मारलं, असं परंपरा सांगते. वय बारा-तेराचं. तिच्या अस्थी आजाँला होत्या. कोंकचा मठ तेव्हा लहान, त्याच्याकडे संत नाही म्हणून यात्रेकरू येत नव्हते. तर कोंकचा एक साधू आजाँला जाऊन तिथल्या मठात राहिला, वर्षानुवर्षं विश्वास कमावला, अस्थींच्या राखणीवर नेमला गेला, आणि ८६६ च्या सुमारास अस्थी घेऊन कोंकला आला. इथे कोणी त्याला चोरी म्हणत नाहीत. संताच्या इच्छेशिवाय तिला कोण हलवणार, अशी तेव्हाची समजूत.

मग तिच्यासाठी मूर्ती झाली. ८५ सेंटिमीटर उंच, आतून लाकूड, वरून सोन्याचा पत्रा, सिंहासनावर बसलेली. चेहरा मुलीचा नाही. तो मूर्तीहून कितीतरी जुना, रोमन काळाच्या अखेरीचा, कुठल्या तरी पुरुषाचा सोन्याचा मुखवटा आहे, तो आणून बसवलाय. डोळे टक्क उघडे. अंगभर रत्नं, स्फटिकाचे गोळे, कोरीव रोमन खडे. ते वेगवेगळ्या शतकांत भक्तांनी वाहिलेले आहेत.

आई काचेसमोर उभी राहिली आणि काही वेळ बोललीच नाही. तिच्या माहेरी नवरात्रात देवीचा मुखवटा बसवायचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या घराकडे आहे. मग म्हणाली, "अगं, ही नवसाची देवी आहे." मी तिला आर्सिंदची गोष्ट सांगितली. ती तुलूझच्या काउंटची बायको. सँत फ्वा तिच्या स्वप्नात आली आणि हातातल्या सोन्याच्या बांगड्या मागितल्या. आर्सिंद म्हणाली, देते, पण मला मुलगा होऊ दे. झाला आणि बांगड्या कोंकला आल्या. आई हसली. "मागून घेणारी आहे म्हणजे."

मूर्तीच्या बोटांत बारीक नळ्या आहेत, फुलं खोचण्यासाठी. आईने ते पाहिलं आणि विचारलं, "मग फुलं कुठायत?" नळ्या रिकाम्या होत्या. मला काही उत्तर देता आलं नाही. बाहेर आल्यावरही ती दोनदा तेच म्हणाली.

मांडवीकाठ

दगडफूल, आईंचा प्रश्न मनाला लागला. मी पणजीचा. आमच्याकडे जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरचं शरीर आहे, गोव्याच्या सोनारांनी सतराव्या शतकात घडवलेल्या चांदीच्या पेटीत. दर दहा वर्षांनी दर्शन असतं तेव्हा हिंदू घरांतली माणसंही रांगेत असतात, माझी आजी तिथे शेवंती घेऊन जायची. फ्रान्समधल्या लोकांना मात्र मूर्तीची अशी पूजा तेव्हा खटकली नसेल का? मूर्तिपूजा नको असं सांगणाराच धर्म ना तो?

दगडफूल

मांडवीकाठ, खटकली होती, आणि त्याची नोंदही आहे. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला आंजेचा बेर्नार नावाचा विद्वान उत्तरेकडून मुद्दाम आला. उत्तरेकडे अशा मूर्ती नव्हत्या. त्याला आधी हे जुन्या रोमन देवतांच्या पूजेसारखंच वाटलं, आणि इथले लोक अडाणी आहेत असंही. मग तो राहिला, लोकांशी बोलला आणि मत बदललं. पुढे सँत फ्वाच्या चमत्कारांचं पुस्तक त्यानेच लिहायला घेतलं. आर्सिंदची गोष्ट त्यातलीच. अन्यायाने तुरुंगात टाकलेल्यांची ती खास कैवारी होती. सुटलेले कैदी आपल्या बेड्या आणून तिला वाहायचे. त्या लोखंडाच्याच देवळातल्या जाळ्या केल्या असं सांगतात. दारावरच्या शिल्पातही सँत फ्वा गुडघे टेकून प्रार्थना करतेय, देवाचा हात तिच्याकडे येतोय आणि तिच्यामागे बेड्या टांगलेल्या आहेत. हे नीट बघा, सहज निसटतं.

आणखी एक. फ्रेंच राज्यक्रांतीत चर्चचं सोनं-नाणं वितळवून सरकारजमा होत होतं. कोंकच्या लोकांनी हा सगळा खजिना आपापसात वाटून घरोघरी लपवला आणि वादळ गेल्यावर परत आणून दिला. म्हणून आज तो जागेवर आहे. गरीब गाव होतं, चेस्टनटवर जगणारं. एखाद्या घरात भाकरीची चणचण असताना फळीखाली सोनं असेल आणि त्यांनी ते परत दिलं. माझ्या मते त्या दारावरच्या शिल्पाइतकीच ही गोष्ट मोठी आहे.

पायवाट

मी कोंकला पायी गेलोय, म्हणून थोडी भर घालतो.

स्पेनमधल्या सांतियागोकडे जाणाऱ्या यात्रेचा एक जुना मार्ग फ्रान्समधल्या ल पुईहून निघतो. ल पुई ते कोंक साधारण दोनशे किलोमीटर. मला दहा दिवस लागले. मधे ओब्राकचं पठार लागतं, एकही झाड नाही, नुसतं गवत, गाई आणि वारा. मग लोत नदीकाठी एस्पालियों, एस्तँ ही गावं. शेवटच्या दिवशी सेनेर्ग सोडल्यावर वाट एकदम खाली उतरते, खडकाळ आणि पाऊस असेल तर निसरडी. काठीशिवाय उतरू नका. घराचं पहिलं छप्पर अगदी पायाशी दिसतं.

माझे आजोबा माळकरी, मी लहानपणी त्यांच्याबरोबर आळंदी ते सासवड चाललोय. त्यामुळे वारीची आठवण येणारच. पण दोन्हीत एक मोठा फरक जाणवला. इथे दिंडी नाही, ठरलेला दिवस नाही. प्रत्येक जण आपापला एकटा चालतो, कोणी एप्रिलमध्ये, कोणी ऑक्टोबरमध्ये. दिवसभर मी कोणाशी बोललो नाही असंही झालं. संध्याकाळी मात्र मठाच्या धर्मशाळेत लांब बाकांवर सगळे एकत्र जेवायला. तिथे वाढणारे स्वयंसेवक. माझ्या शेजारी एक निवृत्त बेकरीवाला होता, त्याची बायको वर्षापूर्वी गेली होती. दहा दिवसांत त्याच्याशी बोललेला मी तिसरा माणूस.

रात्रीच्या प्रार्थनेनंतर मठातले साधू यात्रेकरूंना समोर बोलावून आशीर्वाद देतात. मग त्यांच्यातलाच एक बाहेर येऊन दारावरचं शिल्प समजावून सांगतो. फ्रेंच बेताचंच येत असलं तरी थांबा. त्यानंतर देवळात ऑर्गन वाजतो आणि वरच्या सज्जांत जाता येतं. तिथून खांबांची कोरीव शीर्षं डोळ्यांसमोर येतात. हे सगळं रात्री राहणाऱ्यांनाच मिळतं, त्यामुळे दगडफूल यांना माझं पूर्ण अनुमोदन.

दुसऱ्या दिवशी वाट दुर्दूवरचा पूल ओलांडून समोरचा डोंगर चढते. पुलाला "रोमन पूल" म्हणतात, पण तो रोमनांचा नाही, मध्ययुगातला आहे. यात्रेकरूला तिकडच्या जुन्या ओक्सितान भाषेत रोमिउ म्हणत, त्यावरून नाव पडलं. हा पूल आणि मंदिर दोन्ही १९९८ पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहेत, यात्रामार्गांचा भाग म्हणून. चढावर सँत फ्वाचं छोटं देऊळ आहे. तिथून मागे वळून बघा, गाव पूर्ण दिसतं. चालायचं नसेल तर गाडीने बांकारेलच्या कड्यावर जा, तेही दृश्य तसंच.

रंगपेटी

धागा छानच. मी चित्रकला शिकवते, दोन वर्षांपूर्वी गेले होते. पण मंदिराच्या खिडक्यांनी माझी निराशा झाली, ते लिहिल्याशिवाय राहवत नाही. फ्रान्समध्ये जुन्या चर्चमध्ये शिरलं की निळ्या-तांबड्या काचांचा उजेड अंगावर पडतो. इथे सगळ्या काचा पांढुरक्या, त्यावर वाकड्या काळ्या रेघा. मोठ्या चित्रकाराचं काम आहे हे माहीत आहे, तरी त्या दगडांना हे शोभत नाही असं माझं प्रामाणिक मत.

दगडफूल

रंगपेटी, बरं झालं तुम्ही विषय काढलात. बसवल्या तेव्हा गावातल्या लोकांनीही हेच म्हटलं होतं, चांगला विरोध झाला होता. मला आधी तुमच्यासारखंच वाटलं, म्हणून माझं मत कसं बदललं ते सांगते.

पिएर सुलाज १९१९ मध्ये रोदेझला जन्मला. शाळकरी वयात कोंकला आला आणि या मंदिरात उभा असताना आपण चित्रकारच व्हायचं असं त्याने ठरवलं, हे तो पुढे आयुष्यभर सांगत आला. १९८७ च्या सुमारास त्याला खिडक्यांचं काम मिळालं. बाजारातली कुठलीच काच पसंत पडेना, म्हणून त्याने नवी काच तयार करून घेतली. रंग नाही, पारदर्शक नाही, पण उजेड आत घेते. तिच्यात दाणे आहेत, कुठे दाट, कुठे विरळ, त्यामुळे उजेड सगळीकडे सारखा येत नाही. तुलूझच्या झाँ-दॉमिनिक फ्लरी या काचकारागिराबरोबर त्याने १०४ खिडक्या केल्या आणि १९९४ मध्ये त्या बसल्या.

आम्ही सकाळी सातला देवळात गेलो, आत आम्ही तिघंच. पूर्वेच्या खिडक्या उबदार, जवळजवळ केशरी झाल्या होत्या आणि उत्तरेच्या निळसर. काच एकच. दुपारी परत गेलो तर रंग बदललेले. आणि मुख्य म्हणजे त्या उजेडात बाबांचे तीन दगड तीन रंगांचे दिसत होते. रंगीत काच असती तर पिवळा दगड निळा झाला असता. बाबांचं म्हणणं, "या माणसाने भिंतीला मान दिलाय." तुम्ही किती वाजता गेला होता?

रंगपेटी

दुपारी एक वाजता, ढगाळ दिवस, पाऊण तास. तुमचं दगडाबद्दलचं म्हणणं विचार करण्यासारखं आहे. रंगीत उजेडात दगडाचा स्वतःचा रंग हरवतो हे खरं, वर्गात मी मुलांना हेच शिकवते. तरी त्या रेघा मला अजूनही अस्वस्थ करतात. पुन्हा जाईन तेव्हा सकाळी जाईन आणि इथे लिहीन.

पायवाट

रंगपेटी, जाल तेव्हा रोदेझचं सुलाज संग्रहालयही जोडून घ्या. २०१४ मध्ये उघडलं. कोंकच्या खिडक्यांचे मूळ आराखडे तिथे ठेवलेत, खऱ्या आकाराचे. तिथे रेघा समोर उभं राहून बघता येतात.

मांडवीकाठ

सगळे शाकाहारावर बोलतायत. माझ्यासारख्या नुस्तेखाऊ माणसाने समुद्रापासून इतक्या लांब काय खावं?

दगडफूल

मांडवीकाठ, तुमच्यासाठी तर खासच आहे! एस्तोफिनादो. नॉर्वेचा वाळवलेला कॉड मासा, अगदी लाकडासारखा कडक. पूर्वी बोर्दोपर्यंत जहाजाने यायचा आणि तिथून लोत नदीतून होड्यांनी वर चढवायचे. तो कित्येक दिवस पाण्यात भिजवतात, मग उकडून, कुस्करून बटाटा, अंडी, लसूण, पार्स्ली घालतात आणि वरून कडकडीत तापवलेलं अक्रोडाचं तेल. हिवाळ्यातला पदार्थ आहे, डिसेंबर ते एप्रिल. एका सहकाऱ्याच्या घरी मी खाल्लाय. भांडं उघडल्यावर पहिला वास आला तो थेट सुकटीचा, मला क्षणभर महाबळेश्वरच्या वाटेवरचा आठवडी बाजार आठवला.

मांडवीकाठ

ठरलं. फेब्रुवारीत जाणार.

रानमेवा

गाडी चालवता येत नसेल तर कसं जायचं?

पायवाट

रोदेझपर्यंत रेल्वे आहे, पॅरिसहून रात्रीची गाडीही येते. पुढे कोंकला बस मोजक्या, आणि रोज नसतात. मोसम बघून वेळापत्रक आदल्या दिवशी तपासा, नाहीतर रोदेझहून टॅक्सी ठरवा, दोघा-तिघांत परवडते. ६ ऑक्टोबर हा सँत फ्वाचा दिवस, त्या सुमारास उत्सव असतो, तेव्हा खोल्या आधीच भरतात.

चिंचगुळ

परवा परत आलो. आधी सांगते, तुमचं ऐकलं. रोकामादूरची एक रात्र कमी केली आणि कोंकला राहिलो. फोनवर पायऱ्या किती तेही विचारलं, सव्वीस होत्या, त्यांनी खरं सांगितलं.

मुलांना यादी दिली होती. ससा लेकाने दोन मिनिटांत शोधला. मग त्याला वेड लागलं की १२४ सगळे मोजायचेच. दोघं भाऊ-बहीण संध्याकाळी दीड तास मान वर करून बसले होते, एक मोजतोय, दुसरी वहीत रेघा मारतेय. अंधार पडल्यावर दारावर रंगीत प्रकाश टाकून मूळ रंग कसे होते ते दाखवतात, तेव्हा परत पहिल्यापासून मोजलं. ११७ भरले. सकाळी निघताना परत ११७. सात काही सापडेनात. गाडीत रोकामादूरपर्यंत त्यावरच भांडण.

आणि दगडफूल, तुमच्या आईंना सांगा. मुलीने गल्लीतल्या भिंतीवरची छोटी पांढरी रानफुलं तोडली होती. संग्रहालयात काचेमुळे देता आली नाहीत, तर तिने देवळाच्या दारात पायरीवर ठेवली.

दगडफूल

चिंचगुळ, आईला आत्ता फोनवर वाचून दाखवलं. तिने परत वाचायला लावलं आणि मग मुलीचं नाव विचारलं. मी म्हटलं, विचारून सांगते, इथे लिहू नका, व्यक्तिगत निरोपात कळवा.

बाबा मागून ओरडून विचारतायत: सँत फ्वाच्या शेजारी थडग्यांची झाकणं उचलून बाहेर येणारी माणसं आहेत, ती धरली का? फार लहान आहेत, मोजताना ती सुटतात.